ती जाहिरात नव्हती

तुम्ही दोघींनी माझ्या फोनवर नाण्यांचा खेळ टाकून दिलात त्या सकाळी भाजीवाली मावशी वांगी घेऊन आली होती. तिनं पायरीवर टोपली ठेवली, कमरेचा फोन काढून पुढे केला आणि म्हणाली, "माह्याही फोनात टाका वं पोरीहो." तुम्ही टाकलात. खेळ एकट्या माझ्याच फोनवर राहिला असता, तर आज हे लिहायला बसावं लागलं नसतं.

मागच्या महिन्यात थोरलीनं विचारलं, "आजी, पण तू असं केलंसच का?" मी म्हटलं, रेंज नाही, नीट ऐकू येत नाही. रेंज होती. प्रश्नही नीट ऐकू आला होता. उत्तर फोनवर एका दमात देता येईना, म्हणून क्रमानं लिहिते. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, आणि मधलं काही गाळू नका म्हणावं.

खेळ तुम्हाला पाठ आहे, पण बाबांना माहीत नसेल. पडद्यावर जत्रेतल्यासारखी काचेची पेटी दिसते. आत एक फळी, तिच्यावर नाण्यांचा खच. मागची फळी सारखी पुढे-मागे सरकत असते. वर बोट लावलं की तिथून एक नाणं पडतं. ते वेळेवर पडलं तर फळी त्याला ढकलते, ते पुढच्याला, पुढचं आणखी पुढच्याला, आणि अगदी कडेला लोंबकळत असलेली दोन-चार नाणी खाली येतात. ती आपली. डाव्या-उजव्या फटींत पडतात ती गेली. आपल्याजवळची नाणी संपली की थांबायचं, थोड्या वेळानं ती आपोआप भरतात. खेळाला एक पैसा लागत नाही. मात्र मधूनच जाहिरात येते, मग कोपऱ्यातली फुली दाबून ती घालवावी लागते.

मावशीबद्दलही सांगायला हवं, कारण तुम्ही तिला फक्त पायरीवर पाहिलंय. रिसोडबाहेर रिठदच्या रस्त्याला तिचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात शिकायला होती, मग तिचं लग्न झालं. आता तिनं पन्नाशी ओलांडली आहे, तरी मला अजून बाईच म्हणते. इंग्रजी अक्षरं ती ओळखते, पण ती जोडून शब्द होत नाही. त्यामुळे फोनवर इंग्रजीत काही आलं, बँकेचं असो की सिमकार्डाचं, की ते माझ्यापुढे आणायचं आणि मी वाचून मराठीत सांगायचं, ही आमची जुनी पद्धत. मी सांगीन ते ती करते. कधी "खरंच का?" म्हणून विचारलेलं मला आठवत नाही.

माझ्या दिवसाला वेळापत्रक आहे, हे तुम्ही पाहिलंत आणि हसलातही. चहा, गोळी, पूजा, पेपर, आणि नऊ वाजता चष्मा पुसून खेळ. मी नाणं टाकताना फळी पूर्ण मागे जाईपर्यंत थांबते. मग एक नाणं, बरोबर मध्यभागी. ते स्थिरावलं की दुसरं. चाळीस वर्षं फळ्यावर सरळ ओळीत लिहिलेल्या बाईनं नाणी वेडीवाकडी टाकावीत कशी?

मावशी साडेनऊला यायची. टोपली उतरवायची, पदरानं तोंड पुसायची आणि माझ्या शेजारी बसून स्वतःचा खेळ काढायची. अंगठ्यानं नुसता मारा. डावीकडे चार, उजवीकडे सहा, मध्ये दोन, फळी कुठे आहे याचा पत्ताच नाही. आणि तिच्याकडे नाणी धबाधबा पडायची. बाहुल्या, अंगठ्या, ती चमकणारी मोठी नाणी, सगळं.

एकदा माझ्या फोनमध्ये डोकावून म्हणाली, "बाई, मेथी काय एक एक दाणा मोजून पेरता काय तुमी? फेका ना हातभर!"

"फेकल्यानं फटींत जातात."

"जाऊ द्या ना जी. सारेच दाणे थोडेच उगवते."

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी, कुणी बघत नाही असं पाहून, तिच्यासारखी फेकून पाहिली. सगळी फटींत गेली.

आतापर्यंत हा नुसता खेळातला हेवा होता. पहिला नंबर दुसऱ्या तुकडीला गेला की वाटायचा तसा. खरा हेवा तुमच्या भेटीच्या पेट्यांपासून सुरू झाला.

तुम्ही परत ऑस्ट्रेलियाला गेलात आणि आम्हा दोघींना रोज एकेक लाल पेटी पाठवायला लागलात. पेटी उघडली की आत नाणी. माझ्या पेट्या मी उघडल्या नाहीत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, तेही आता सांगते. आमच्या घरी आहेर आला की तो लगेच फोडत नसत. देणारा समोर असताना तर नाहीच. मला वाटलं, पडद्याच्या तळाशी पेट्यांची रांग लागते आहे ती लागू द्यावी, तुम्ही पुढच्या डिसेंबरात आलात की तिघींनी मिळून उघडाव्यात. रोज सकाळी खेळ उघडला की आधी मी ती रांग बघायची. ही थोरलीची सोमवारची, ही धाकटीची मंगळवारची. मला ती फार आवडायची.

रांगेत बाराच पेट्या मावतात, हे मला ठाऊक नव्हतं. तेरावी आली की ती पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणजे तुमच्या पेट्या रोज माझ्या दारातून परत जात होत्या आणि मी इकडे रांग बघून खूश होते.

मावशीचं उलट. पेटी आली की फोडली, आणि लगेच तिच्याकडून तुम्हाला एक गेली. मी विचारलं, इतकी घाई कशाला? ती म्हणाली, "कोनी वाटीभर भाजी धाडली तर वाटी रिकामी धाडता काय बाई? काही ना काही टाकूनच धाडावं लागते." आपल्याकडे ही रीत सगळ्यांचीच आहे. माझीही. शेजारची वाटी मी कधी रिकामी परत केलेली नाही. पण फोनमधली पेटी ही वाटी आहे, हे तिला सुचलं आणि मला सुचलं नाही.

मग तुमच्या बोलण्यात मावशी यायला लागली. आपल्या इथल्या दहाच्या पुढे तिकडे तुमची शाळा सुटायची, तुमचा व्हिडिओ कॉल यायचा. पूर्वी मी दिसले की धाकटी सगळ्यात आधी आपले दात दाखवायची, कुठला हलतोय ते. आता पहिला प्रश्न, "मावशी गेली का?" गेली नसेल तर, "तिला दे ना फोन." मी द्यायची. ती पायरीवर फतकल मारून बसायची, फोन तोंडाच्या इतका जवळ धरायची की तुम्हाला नुसतं तिचं नाक दिसत असणार, आणि तुम्ही तिघी खिदळायच्या. मी आत जाऊन वांगी धुवायची. वांगी धुवायला इतका वेळ लागत नाही.

एक दिवस मी थोरलीला म्हटलं, "गृहपाठ झाला का?" तर ती म्हणते, "काहून वं आजी, आताच विचारून राह्यली?"

बाबा मागून हसले. मीही हसले. पण सांगते, मला ते फार लागलं. दोन वर्षं मी तुमच्यासाठी दर रविवारी मराठीचा एक पाठ माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला. स्वच्छ उच्चार, सावकाश वाचन. त्यातलं एक वाक्य तुमच्या तोंडून मी ऐकलं नाही. मावशीचं 'काहून', म्हणजे आपलं 'का', तुम्ही महिन्याभरात उचललं.

त्यानंतर मला बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. तुमच्याशी बोलून झालं की ती फोन पदरानं पुसून मला परत द्यायची. मी तो पुन्हा माझ्या रुमालानं पुसायची. ती एखादे दिवशी आली नाही की मला बरं वाटायचं, आणि त्या दिवशीचा तुमचा कॉल आखूड व्हायचा. मग मला आणखी वाईट वाटायचं. एकदा तर मी तिला सांगितलं, "उद्या भाजी नको, कालचीच उरली आहे." उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं.

आता त्या सकाळकडे येते.

मावशी टोपली ठेवायच्या आधीच फोन पुढे करत आली. "बाई, हे काय आलं पाहा बरं. आपल्या मोठ्या पोरीचं चित्र दिसून राह्यलं."

मी चष्मा लावला. पडद्यावर थोरलीचा तो दोन वेण्यांचा फोटो होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की या आठवड्यात जोडीचा खेळ आहे, हिनं तुम्हाला आपली जोडीदार म्हणून निवडलं आहे, एका जणाला एकच जोडीदार घेता येतो, तुम्हाला मान्य आहे का. खाली हिरवं बटण, कोपऱ्यात फुली.

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा मावशीसाठी. दुसऱ्यांदा, मला असं काही आलंय का हे आठवत. मला आलं नव्हतं.

"काय लिवलं जी?" मावशी म्हणाली.

"जाहिरात आहे," मी म्हटलं. "ती फुली दाब."

"जाहिरात? मंग पोरीचं चित्र कसं काय?"

"हे लोक कुणाचंही चित्र लावतात. फोनमधलंच उचलतात."

"बापा! भल्तेच चालू हायेत," असं म्हणून तिनं फुली दाबली. थोरलीचा चेहरा गेला. मावशी फोन कमरेला खोचून म्हणाली, "तुमी हाय म्हून बरं हाय बाई. नाईतर मी तं हिरवंच दाबणार होती."

मुलींनो, मी त्या वेळी गोंधळले होते, किंवा घाईत होते, असं काही नाही. मी शांतपणे विचार करून खोटं वाचलं. शाळेत मी एक गोष्ट कधी खपवून घेतली नाही, ती म्हणजे वाचताना मनचं घालणं. पुस्तकात आहे तेच वाचा, हे मी किती वर्गांना सांगितलं असेल. त्यातला एक वर्ग तिचाही होता.

दुसऱ्या दिवशी तोच निरोप मला आला. थोरलीचा तोच फोटो. मावशीनं नाकारलं म्हणून आता आजी, हे मला कळत होतं. तरी मी हिरवं बटण दाबलं.

आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मला मजा आली. मला पश्चात्तापानं झोप लागली नाही, असं लिहिलं तर तेही मनचं घातल्यासारखं होईल. मला छान झोप लागली. सकाळी नऊला पडद्यावरच्या काचेच्या पेटीत माझी आणि थोरलीची अशी दोघींची नाणी पडताना दिसायची, तिची निळी, माझी सोनेरी. माझ्या नाण्यानं तिचं नाणं कडेवरून ढकललं की मी एकटीच टाळी वाजवायची.

तिसऱ्या दिवशी कॉलवर थोरली म्हणाली, "आजी, तू खूप हळू टाकतेस गं. आपण नंबरात खाली चाललोय. मावशी असती तर…" तिनं वाक्य सोडून दिलं. मग खूप वेळानं, धाकटी समोरून उठून गेल्यावर, हळूच विचारलं, "मावशीला मी आवडत नाही का?"

"तसं नाही गं. ती कामात असते."

"पण तिनं नाही म्हटलं. त्यात दिसतं ना. तिनं नाही दाबलं."

मी म्हटलं, "जाऊ दे, आपण दोघी आहोत ना." ती हो म्हणाली. त्या 'हो'मध्ये काही जीव नव्हता, आणि तिनं त्या दिवसापासून मावशीला पेटी पाठवणं बंद केलं. ते मला नंतर कळलं.

कळलं ते असं. त्या आठवड्यात मावशीकडे वांग्यांचा तोडा, म्हणजे काढणी होती, म्हणून ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर मीच ऑटोनं मळ्यावर गेले. भाजी आणायला गेले असं मी स्वतःला सांगितलं. ती विहिरीच्या कडेला, लिंबाखाली, मेथीच्या जुड्या बांधत होती. मला बघून तिनं ओली गोणी झटकली आणि बसायला टाकली.

"बरं झालं आल्या. तुमच्याच घरी येणार होती मी." तिनं कमरेचा फोन काढला. "बाई, पोट्टी रुसली काय माह्यावर? चार दिवस झाले, एक डब्बा नाई आला तिचा. लहानीचे येते. मी तं रोज धाडून राह्यली."

मी गोणीवर टेकले.

"तुमी एक लिवून द्या इंग्रजीत. म्हना, मावशीचं काही चुकलं असन तं सांग बाई. मले समजत नाई तं माह्याकडून काही भल्तंच दाबल्या गेलं असन." आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

लिहायची जागा उघडलेली होती. माझ्या हातून तिनं तिच्या चुकीची माफी मागायची होती. मी पहिलं अक्षर दाबलं. दुसरं दाबलं. मग दोन्ही खोडली.

"चुकलं तुझं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशीची ती जाहिरात नव्हती."

ती जुडी बांधत राहिली. मी सगळं सांगितलं. त्या निरोपात काय होतं, हिरवं दाबलं असतं तर काय झालं असतं, मग मला कसं बोलावणं आलं, आणि मी कसं घेतलं. तिनं ती जुडी पूर्ण केली, टोकं सारखी केली, बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काहून पन?"

"मला हेवा वाटला."

"कोनाचा?"

"तुझा."

"माहा?" ती हसायलाच लागली. "बाई, तुमी माह्यावर जळता? पेन्शनवाल्या, पक्क्या घरात राह्यनाऱ्या, इंग्रजी बोलनाऱ्या तुमी?" मग हसू थांबलं. "माहा पोरगा पुन्याले हाय. त्याचं पोरगं सा वर्साचं झालं. मले फोनवर पाह्यलं की मायच्या मांगं लपते. तुमच्या पोरी मले मावशी म्हन्ते तं मले वाटे, चला, कोनी तं हाय. तेवढंबी नाई पटलं तुमाले?"

मी मान खाली घातली.

"सातवीत धडा वाचता नाई आला तं तुमी मले उभी ठेवली होती," ती म्हणाली. "अख्खा तास. माह्या मनात नव्हतं बापा काही. बाई म्हन्ते तं बरोबरच असन, असं वाटे. मी तं आताबी तसंच समजत होती."

मला तो तास आठवत नाही. तिला आठवतो.

"पोरीले तुमीच सांगा," ती म्हणाली. "मी नाई सांगत. मी सांगतलं तं तिले वाटन मावशी चुगली करते."

मी उठले. तिनं मला मेथीच्या दोन जुड्या आणि वांगी दिली आणि पैसे घेतले. नेहमी ती वरून मूठभर सांबार टाकते, मी नको म्हटलं तरी. त्या दिवशी टाकला नाही. मी मागितलाही नाही.

त्याच दिवशी दहाच्या पुढे मी थोरलीला सांगितलं. मग तिनं 'असं केलंसच का?' हा प्रश्न विचारला आणि मी रेंज नसल्याचं सोंग केलं. उत्तर आता सगळं वर लिहिलं आहे. तुम्ही दोघी दूर आहात, आणि तुमच्याजवळ पोचायची ती छोटीशी खिडकी मला माझ्या एकटीची हवी होती. मावशी तिच्यातून आत डोकावली, तुम्हाला ती आवडली, आणि मला वाटलं तिनं माझी जागा घेतली. तिनं काही घेतलं नव्हतं. मी माझ्या पेट्या उघडत नव्हते, तुम्ही त्या उघडणारीकडे गेलात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी थोरलीनं पुन्हा फोन केला. मी विचारलं, "पुढच्या जोडीच्या खेळाला कुणाला घेणार?" मला वाटलं होतं, ती माझं मन राखेल. ती माझीच नात, तिनं सरळ सांगितलं, "मावशीला. तिला खरं विचारायचं राहिलं ना."

"बरोबर," मी म्हटलं. मला ते बरोबर वाटलं आणि झोंबलंही.

आता मावशी पुन्हा साडेनऊला येते. तिच्या फोनवर मागच्या आठवड्यात थोरलीचा फोटो आला, खाली तेच इंग्रजी. तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला, मग मराठी सांगितलं, आणि म्हटलं, हिरवं दाब. तिनं ऐकून घेतलं. दाबलं मात्र नाही.

"कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याले एक डाव दाखवून येतो," ती म्हणाली. "राग नका धरू, बाई."

टोपली माझ्या पायरीवरच ठेवून ती कोपऱ्यापर्यंत गेली. मी ओट्यावरून बघत होते. मेडिकलवाल्यानं चष्मा वर करून वाचलं, मान हलवली, आणि तिनं तिथेच, रस्त्यात उभ्या उभ्या, बटण दाबलं. परत आली तेव्हा ती हसत होती. ती पायरीवर बसली आणि अंगठ्यानं नाणी फेकायला लागली. थोडा वेळ मी तिचा फोन बघत राहिले. निळी नाणी आणि तिची सोनेरी. हेवा वाटला, नेहमीसारखाच. मग मी माझा फोन काढला आणि त्या बारा पेट्या एकेक करून उघडल्या.